माघाचे ऊन आणि गोधडीचा टाका

पंचांगात वसंताचे महिने चैत्र आणि वैशाख. वसंत पंचमी मात्र माघातच येऊन जाते. इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावात हा फरक कोणाला खटकत नाही, कारण तेथे ऋतू तिथीच्या आधी झाडांवर दिसतो. कडुनिंबाची पिवळी पाने अंगणभर गळतात आणि त्याच फांद्यांवर तांबूस पालवी डोकावू लागते. बांधावरचा पळस पाने झटकून केशरी होतो. तांबट पक्ष्याची एकसुरी टुकटुक दुपारभर ऐकू येते. शाळू काढणीला येतो आणि पुढे साखर कारखान्यांचे पट्टे पडले, की ऊसतोडीची कुटुंबे कोप्या मोडून, वाकळांची गाठोडी बांधून आपापल्या गावी परततात. पहाटे अजून गारठा असतो. दुपारी मात्र ओसरीची सावली हवीशी वाटते.

याच दिवसांत घरातील जुनी ट्रंक उघडते. विरलेली लुगडी, धोतरे, सुती चादरी उन्हात पसरल्या जातात आणि कोणते कापड अजून टाका धरील, याची पारख सुरू होते. थंडी सरताना थंडीचे पांघरूण शिवायला घेणे वरवर उलटे वाटते; पण त्यामागे गृहिणींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. ऊन कोरडे, उजेड लांबलेला, पावसाचे भय नाही आणि सुगी आटोपली की दुपारचे दोन तास हाताला मोकळे. पुढच्या कार्तिकात लागणारी ऊब फाल्गुनातच टाक्याटाक्याने साठवावी लागते.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे आठ मीटर कापड. त्याचे सारखे चार तुकडे केले आणि दोन-दोन शेजारी जोडले, की मोठ्या गोधडीचे दोन पदर होतात, एक वरचा आणि एक खालचा. मधल्या थरात धोतर, चादर, फाटकी सहावारी असे जे असेल ते बसते. सारवलेल्या अंगणात थर अंथरायचे, सुरकुत्या हाताने सारायच्या, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे आणि लांब कच्चे टाके घालून सारे एकत्र बांधायचे. मग खरे काम सुरू होते. कडेपासून धावदोरा घालत, कोपऱ्यावर वळत, बोटभर अंतराने एकेक फेरा आत सरकत जातो आणि शेवटचा टाका मध्यावर पडतो. या दाट टाक्यांमुळे थर सरकत नाहीत आणि गोधडीला तिची ओळखीची बारीक लहर येते.

जुन्या सुती कापडाचा आग्रह हा केवळ काटकसरीचा नव्हे. अनेक धुण्यांनी ते आटून घेतलेले असते, त्याचा कच्चा रंग निघून गेलेला असतो आणि ते अंगाला मऊ लागते. नवे आणि जुने कापड एकत्र शिवले, तर पहिल्याच धुण्यात नवे आटते आणि गोधडी चुरमडते. कृत्रिम धाग्याची साडी सुईखाली निसटते, घाम शोषत नाही आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. सुती थरांमध्ये हवा अडकून राहते. तीच ऊब धरते. बाळाचे पहिले दुपटे आजीच्या लुगड्याचे असावे, ही रीतही मऊपणाच्या अनुभवातूनच रुजली आहे.

अडचण अशी, की आता ही लुगडी संपत आली आहेत. ती रोज नेसणारी पिढी घराघरांतून निघून चालली आहे. ट्रंकेच्या तळाशी एखादेच उरलेले असते आणि त्यावर कात्री चालवायला कोणाचा हात धजत नाही. आठवण म्हणून ते घडी घालून ठेवले जाते. परंतु वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले कापड घडीवरच विरते आणि उलगडले, की नेमके तेथेच फाटते. जपलेली वस्तू अशी न वापरताच हातची जाते. नातवंडे दोन आणि लुगडे एक, असा पेच असेल तर एकाच्या गोधडीला पदर आणि दुसऱ्याच्या गोधडीला काठ लावता येतो. कापड वाटले जाते. आठवण दोघांकडे सारखीच पोहोचते.

ही विद्या एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी याच जुन्या साड्यांच्या थरांतून जन्मल्या. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड या नदीकाठच्या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या. २००६ साली त्यांची चित्रे टपाल तिकिटांवर आली. त्या स्त्रियांनीही प्रथम घरातील थंडीच भागवली होती.

कापडाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे शिवणारा हात. थर किती ताणावा, दोरा किती ओढावा, कोपऱ्यावर सुई कशी फिरवावी, हे सांगून समजत नाही. शेजारी बसून पाहावे लागते. मोठ्या गोधडीला एकटीचे कित्येक दिवस लागतात. चौघी चार बाजूंनी बसल्या तर काम हलके होते आणि धाकट्या हातांना वळण लागते. पहिल्याच वेळी मोठी गोधडी हाती घेण्याचीही गरज नाही. बाळाचे हातभर दुपटे पुरेसे आहे. टाके वाकडे पडले तरी ऊब कमी होत नाही. घरात आजी, काकू, मावशी असतील आणि त्यांना अजून सुईत दोरा ओवता येत असेल, तर होळीच्या आत ट्रंक उघडावी, लुगडे उन्हात पसरावे आणि पहिला टाका त्यांच्याच हातून घालून घ्यावा.