धुराडी, डुक्कर आणि मामाची कॅसेट

हार्बरफ्रंट स्टेशनातून वर आलं की नव्वद टक्के माणसं एकाच दिशेला चालू लागतात. व्हिवोसिटी मॉलकडे, आणि तिथून सेंटोसाला. आम्ही चार-पाच जण शनिवारी संध्याकाळी त्या लोंढ्यातून कडेला सरकतो आणि फेरीच्या धक्क्याच्या बाजूला कोपी घेऊन बसतो. कोपी म्हणजे इथली कॉफी, कंडेन्स्ड मिल्क घातलेली. पुण्याच्या माणसाला पहिल्यांदा ती बासुंदी वाटते, मग सवय होते.

आमच्यात एक चिनी अंकल आहेत, बंदरातल्या क्रेन दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले. एक मलय बसड्रायव्हर आहे, तो गिटार उत्तम वाजवतो. एक तमिळ शिक्षिका, एक इंग्रज आणि मी. आम्हाला जोडणारा धागा एकच, १९७०च्या दशकातलं लांबलचक रॉक संगीत. ज्यात एक गाणं सतरा मिनिटं चालतं आणि बायको दुसऱ्या खोलीतून विचारते, "अजून तेच चालू आहे?"

तर सध्याचा वाद पिंक फ्लॉइडच्या 'अ‍ॅनिमल्स'वरून आहे. खरं म्हणजे सध्याचा कसला, २०२२ पासून चालू आहे आणि मिटायची चिन्हं नाहीत.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'अ‍ॅनिमल्स' जानेवारी १९७७ मध्ये आला. ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'ची कल्पना उचलून माणसांची तीन प्रकारांत वाटणी केली होती: कुत्रे, डुकरं आणि मेंढ्या. मुखपृष्ठावर लंडनचं बॅटरसी वीजकेंद्र, आणि त्याच्या पांढऱ्या धुराड्यांच्या मधोमध तरंगणारं फुग्याचं डुक्कर. फोटो काढताना, डिसेंबर १९७६ मध्ये, ते डुक्कर दोर तोडून पळालं, हीथ्रोला येणाऱ्या विमानांच्या वाटेत शिरलं आणि शेवटी केंटमधल्या एका शेतात जाऊन पडलं. मग दुसऱ्या दिवशीचं डुक्कर आणि आधीच्या दिवशीचं आभाळ अशी जोडाजोडी करून मुखपृष्ठ झालं. म्हणजे जे चित्र आपण 'मूळ' म्हणून छातीशी धरतो तेसुद्धा कापून चिकटवलेलं.

जेम्स गथ्री हा त्यांचा जुना इंजिनिअर, 'द वॉल'पासूनचा. त्याने २०१८ साली या रेकॉर्डचं नवं मिक्सिंग पूर्ण केलं. ते बाजारात यायला सप्टेंबर २०२२ उजाडला. कारण? आतल्या पुस्तिकेतल्या मजकुरावरून वॉटर्स आणि गिल्मर यांचं जमेना. शेवटी मजकूर काढून टाकला तेव्हा रेकॉर्ड निघाली. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं प्रस्तावनेवरून चार वर्षं अडून बसतात, हे वाचून मला अगदी घरी असल्यासारखं वाटलं.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण आमच्या टेबलावर निम्मं भांडण तो न कळल्यामुळे होतं. रीमास्टर आणि रीमिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टुडिओत ड्रम, गिटार, आवाज हे वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित होतात. मग कोणाला किती मोठं ठेवायचं, कोणाला डावीकडे, कोणाला उजवीकडे, हे ठरवून दोन चॅनेलची एक टेप होते. ते मिक्स. त्या तयार टेपची खालची-वरची पट्टी थोडी उचलणं, आवाजाची पातळी ठरवणं, हे मास्टरिंग. सोप्या भाषेत, भाजी शिजल्यावर वरून मीठ-लिंबू म्हणजे रीमास्टर, आणि त्याच चिरलेल्या भाज्या घेऊन नव्याने फोडणी म्हणजे रीमिक्स. २०११ साली 'अ‍ॅनिमल्स' रीमास्टर झाला होता. २०२२चा रीमिक्स आहे.

आणि तो ऐकायला छान आहे, यात मला शंका नाही. जुन्या मिक्समध्ये ड्रम गोणपाटाखाली ठेवल्यासारखे वाजतात, ते इथे मोकळे झालेत. रिचर्ड राइटचे कीबोर्ड कुठेतरी मागे विरघळलेले असायचे, ते पुढे आलेत. मी हेडफोन लावून ऐकलं आणि त्या शनिवारी जाहीर केलं की बस्स, आता जुन्याकडे परत जायचं कारण उरलेलं नाही.

अंकल काही बोलले नाहीत. इंग्रज मात्र तापला. त्याचं म्हणणं, तो कोंदटपणाच त्या रेकॉर्डचा जीव आहे. १९७६चं लंडन तसंच होतं, घुसमटलेलं. तुम्ही खिडक्या उघडल्यात आणि वर म्हणताय किती छान उजेड आहे. मी म्हटलं, हा सगळा नंतर चिकटवलेला अर्थ आहे, ऐन वेळी स्टुडिओत जे जमलं ते जमलं. शिवाय मूळ म्हणजे नक्की कुठलं? त्याच काळात निघालेल्या आठ-ट्रॅक कार्ट्रिजवर पहिल्या आणि शेवटच्या छोट्या गाण्याला जोडणारा स्नोई व्हाइटचा गिटारचा तुकडा आहे, जो रेकॉर्डवर नाहीच. मग ते मूळ का नाही?

मला हा मुद्दा फार बिनतोड वाटत होता. आपल्याकडचं उदाहरणही मी ठोकून दिलं (त्यांना काही कळलं नाही, पण तुम्हाला कळेल). गीतरामायण म्हटलं की आपल्या कानात बाबूजींचाच आवाज येतो. पण १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून जे ५६ गाण्यांचं गीतरामायण लोकांनी ऐकलं, त्यात माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, मालती पांडे होत्या, पात्र तसा गळा. पुढे रेकॉर्डवर सगळी गाणी सुधीर फडक्यांनी स्वतः गायली आणि आपण तीच मूळ मानतो. आमच्या घरात तर आजीशिवाय कोणालाही दुसरं काही असेल असं माहीतच नव्हतं. काही बिघडलं का? त्या दिवशी माझं उत्तर होतं, नाही.

आमच्या बैठकीतून समोर सेंट जेम्स वीजकेंद्र दिसतं. लाल विटांचं, १९२७चं, तेव्हा कोळशावर चालायचं. २००६ मध्ये तिथे नाइटक्लब झाले, २००९ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंद झाली आणि २०२२ पासून तिथे डायसन कंपनीचं मुख्यालय आहे. गंमत म्हणजे त्याच २०२२ मध्ये बॅटरसीचं वीजकेंद्रही मॉल म्हणून उघडलं, मलेशियन कंपन्यांच्या पैशांवर. आणि तिथली ती जगप्रसिद्ध धुराडी? जुनी पाडून हुबेहूब नवी बांधली आहेत, २०१७ पर्यंत. रीमिक्सच्या मुखपृष्ठावर याच बांधकाम चालू असलेल्या वीजकेंद्राचा नवा फोटो आहे. हे मी इंग्रजाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणूनच मला सगळं खोटं वाटतं."

अंकल कधी कधी जुनं सांगतात. १९७०च्या दशकात इथे पुरुषांनी केस वाढवणं सरकारला खपत नसे. सरकारी कचेऱ्यांत पाट्या असत, लांब केसवाल्यांचं काम सर्वांत शेवटी केलं जाईल. १९७२ मध्ये लेड झेपेलिनला केसांपायी इथे कार्यक्रम करता आला नाही. असल्या शहरात अंकलनी 'अ‍ॅनिमल्स' ऐकला तो चोरट्या कॅसेटवर. १९८७च्या कॉपीराइट कायद्याआधी सिंगापूर त्यासाठी प्रसिद्धच होतं. खरी रेकॉर्ड त्यांनी पुष्कळ नंतर घेतली. आता त्यांच्याकडे या एका रेकॉर्डच्या सगळ्या आवृत्त्या आहेत. फडताळात, ओळीने. मला तो म्हातारपणचा छंद वाटायचा.

आता मामाच्या कॅसेटकडे येतो.

माझा मामा डोंबिवलीचा, बँकेत होता. रॉकचं वेड मला त्याच्याकडून लागलं. २००७च्या फेब्रुवारीत रॉजर वॉटर्स मुंबईत बीकेसीच्या मैदानावर आला, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि मामाच मला घेऊन गेला. 'शीप' सुरू झालं तेव्हा हा पन्नाशीचा माणूस ऑफिसच्या बुटांसकट उड्या मारत होता. २०२१ मध्ये, कोव्हिडच्या दुसऱ्या लाटेत, तो गेला. मी इथे अडकलेलो, जाता आलं नाही. असो.

गेल्या वर्षी मामेभावाला घर आवरताना एक कॅसेट मिळाली. वर मामाच्या अक्षरात 'अ‍ॅनिमल्स'. १९८०च्या सुमारास मामाच्या मित्राकडे ही रेकॉर्ड होती, आणि मामाने त्याच्या स्पीकरसमोर टू-इन-वन ठेवून ती भरून घेतली होती. वायरने नव्हे, माइकवर. म्हणजे रेकॉर्डबरोबर ती खोलीसुद्धा भरली गेली. भावाने मला फोन केला. "दादा, तू आवाजातलाच डॉक्टर ना? मध्ये कुठेतरी बाबा बोलतायत, पण ऐकू येत नाही. ती गाणी काढून टाक ना."

मी हसलो, आणि मग हसू गेलं. आयुष्यभर मी गोंगाटातून कामाचा सिग्नल काढायचा धंदा करतोय (यंत्रांच्या आवाजावरून बिघाड ओळखणं, त्यावरच पीएच.डी.). इथे पिंक फ्लॉइड हाच गोंगाट होता.

कॅसेट इथे मागवली. डेकच्या हेडचा कोन स्क्रूड्रायव्हरने जुळवून घेतला, नाहीतर वरच्या पट्टीतलं सगळं हरवतं. मग डिजिटल केली. आवाज आणि संगीत वेगळं करणारी नवी सॉफ्टवेअर हल्ली मिळतात. याच जातीच्या तंत्राने २०२३ मध्ये लेननचा आवाज जुन्या कॅसेटमधून सोडवून बीटल्सचं 'नाउ अँड देन' काढलं. पण इथे रेकॉर्डवरही माणसाचाच आवाज आहे. सॉफ्टवेअरला गिल्मर आणि माझा मामा यात फरक कसा कळणार? त्याने दोघांना एकत्र बाहेर काढलं.

तेव्हा जुना मार्ग. खोलीत काय वाजत होतं ते आपल्याला माहीत आहे. ते संगीत संदर्भ म्हणून घ्यायचं. तो स्पीकर, ती खोली आणि तो माइक यांनी त्यावर काय परिणाम केला हे फिल्टरला शिकू द्यायचं. आणि मग कॅसेटमधून ते वजा करायचं. फोनवर बोलताना प्रतिध्वनी येत नाही तो याच युक्तीमुळे. कॅसेटचा वेग मागेपुढे होतो, त्यामुळे लहान लहान तुकडे ताणून जुळवावे लागतात. कंटाळवाणं काम, तीन शनिवार-रविवार गेले.

आणि निघालं काय? भुतं. मागे कुठेतरी ड्रमचे ठोके, अर्धवट कीबोर्ड, आणि त्या चिखलात मामा. माझी गणितं चार वेळा तपासली. पाचव्या वेळी लक्षात आलं की संदर्भ म्हणून मी न पाहता २०२२ची आवृत्ती घेतली होती. यादीत ती वर होती, आणि आता तीच खरी असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

मीठ-लिंबू फिल्टर ओळखतो आणि भरून काढतो. फोडणीच वेगळी असेल तर काही करू शकत नाही. त्या खोलीत ड्रम जितका वाजला त्यापेक्षा गथ्रीने तो मोठा केला, म्हणून वजाबाकीत तो उलटा उरला. मला तो गोणपाटाखालचा ड्रमच हवा होता.

पुढच्या शनिवारी अंकलना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड आणि २०११ची सीडी, दोन्ही पिशवीत घालून आणून दिली. सीडी पुरली. वरून नंतर हात फिरवलेला असला तरी मिक्स जुनंच आहे.

तेव्हापासून माझं मत पूर्ण फिरलंय असं नाही. रीमिक्स अजूनही मला आवडतो, तो जरूर काढावा. पण जुनं जसंच्या तसं शेजारी ठेवावं, आणि कशावर कोणी, कधी, काय केलं ते स्पष्ट लिहावं. फ्लॉइडवाल्यांनी निदान नावातच '२०१८ रीमिक्स' असं घातलंय. आपल्याकडचं काय? माझ्याकडे जुन्या मराठी गाण्यांच्या ज्या सीड्या आहेत त्यांतल्या निम्म्यांवर मूळ ध्वनिमुद्रणाचं साल नाही, वादकांची नावं नाहीत, सफाई करणाऱ्याचं तर नाहीच. खरखर काढायच्या नादात तंबोऱ्याची झार आणि गायकाचा श्वास दोन्ही कापले गेलेत. आणि आता ही नवी सॉफ्टवेअर हाती आल्यावर जुन्या मोनो गाण्यांतून आवाज सोडवून मागे नवा वाद्यवृंद लावणं कोणालाही जमेल. लोकांना ते आवडेलही. मग वीस वर्षांनी तेच मूळ ठरेल, आणि या वेळी जुन्या आवृत्तीचं फडताळ सांभाळणारे कोणी अंकल असतील का, मला शंका आहे. १९७०च्या मुंबईतल्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या रॉक बँडचं संगीत २०११ मध्ये पुन्हा बाजारात आणलं ते अमेरिकेतल्या नाउ-अगेन कंपनीने, आपण नाही. त्याच काळात नंदू भेंडे वेलवेट फॉग आणि सॅव्हेज एन्काउंटरमध्ये गात होते. आपण त्यांना 'तीन पैशाचा तमाशा'मुळे ओळखतो, त्या बँडच्या ध्वनिमुद्रणांचा पत्ता कोणाला विचारायचा?

गीतरामायणाबद्दलही आता मी तितक्या सहज 'काही बिघडलं नाही' म्हणणार नाही. बाबूजींचं माझ्यासाठी तेच राहील. पण आजीने रेडिओवर जे ऐकलं त्यातली माणिक वर्मा तिच्यासाठी कोणी तरी राखायला हवी होती, इतकंच.

कॅसेटचं सांगायचं राहिलं. सीडी लावून वजाबाकी केल्यावर संगीत पूर्ण गेलं नाही, पण बरंच खाली बसलं. पहिल्या बाजूला, 'डॉग्ज'च्या मधल्या संथ भागात, जिथे कुत्री भुंकतात, तिथे दार वाजतं. कोणीतरी आत येतं. मग तरुण आवाजात मामा म्हणतो, "ए, हळू. रेकॉर्डिंग चालू आहे." थोड्या वेळाने कप-बशीचा आवाज, आणि परत मामा, अगदी माइकजवळ, "आई, नको आत्ता चहा."

फाइल भावाला पाठवली. त्याचा रात्री उशिरा मेसेज आला, "दादा, आता परत गाण्यांसकट पाठव. दोन्ही राहू देत."