फ्लॅट विकणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची, मग होम लोन करून देणाऱ्या एजंटला का नाही?

पुण्यात रावेतला किंवा ठाण्यात घोडबंदर रोडला एखाद्या रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात, की हे चित्र हमखास दिसतं. एक जण तुम्हाला फ्लॅट दाखवतो. दुसरा शेजारच्या टेबलावर फाईल उघडून बसलेला असतो. तो म्हणतो, "लोनचं टेन्शन घेऊ नका सर. सॅलरी स्लिप आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट व्हॉट्सॲप करा, बाकी आपण बघतो."

यातल्या पहिल्या माणसाकडे महारेराचा नोंदणी क्रमांक असावाच लागतो. नसेल तर कायद्यात रोज दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे, आणि हा दंड घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आणि दुसऱ्याकडे काय असतं? व्हिजिटिंग कार्ड, आणि त्यावर चार-पाच बँकांची नावं.

फ्लॅटचा व्यवहार काही महिन्यांत संपतो. कर्जाचे हप्ते मात्र वीस वर्षं चालतात. मग ज्याच्या सल्ल्यावर आपण वीस वर्षांसाठी सही करतो, त्याला सरकारी परवाना का लागत नाही?

हा लोन एजंट नेमका कोण असतो?

बँकेच्या भाषेत त्याला डीएसए म्हणतात, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट. तो बँकेचा कर्मचारी नसतो. बँकेशी त्याचा करार असतो. त्याने आणलेल्या ग्राहकाचं कर्ज मंजूर होऊन पैसे सुटले, की कर्जाच्या रकमेवर ठरावीक टक्के कमिशन त्याला मिळतं. अनेकदा त्याच्या हाताखाली आणखी माणसं असतात. ती ग्राहक शोधून देतात आणि कमिशनमधला वाटा घेतात. त्यामुळे तुमच्यासमोर बसलेल्या माणसाचा बँकेशी थेट करार असेलच असं नाही.

बहुतेक एजंट ग्राहकाकडून पैसे मागत नाहीत. म्हणून ही सेवा फुकट वाटते. गोम इथेच आहे. त्याचे पैसे बँक देते, तुम्ही नाही. समजा, एक बँक त्याला जास्त कमिशन देते आणि दुसरी बँक तुम्हाला कमी व्याजदर देते. अशा वेळी तो तुमची फाईल कुठे पाठवेल?

थोडा हिशोब करू. ५० लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं. व्याजदर ८.५ टक्के असेल तर हप्ता येतो साधारण ४३,३९१ रुपये. दर ९ टक्के असेल तर ४४,९८६ रुपये. महिन्याला फरक सोळाशे रुपयांच्या आतच. पण २४० हप्त्यांचा हिशोब केला तर दर तेवढाच राहिला असं धरून पावणेचार लाखांहून जास्त रक्कम होते. अर्ध्या टक्क्याची ही किंमत आहे.

बाकीच्या एजंटांना काय नियम आहेत?

• घर विकणारा एजंट: रेरा कायदा, २०१६ च्या कलम ९ नुसार नोंदणी सक्तीची. महारेराने २०२३ पासून त्यात प्रशिक्षण आणि परीक्षेचीही भर घातली.

• विमा एजंट: आयआरडीएआयच्या नियमांनुसार परीक्षा पास झाल्याशिवाय पॉलिसी विकता येत नाही.

• म्युच्युअल फंड विकणारा: एनआयएसएमची परीक्षा आणि ॲम्फीचा एआरएन नंबर लागतो.

• सावकार: महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना लागतो.

म्हणजे पाच हजारांची एसआयपी विकायला परीक्षा आहे. ५० लाखांचं कर्ज घडवून आणायला मात्र सरकारी यंत्रणेची परीक्षा देऊन स्वतःच्या नावाचा परवाना काढण्याचं बंधन नाही.

मग राज्य सरकार कायदा का करत नाही?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सावकारी हा विषय राज्यांकडे आहे आणि बँकिंग केंद्राकडे. लोन एजंट काम करतो बँकेसाठी, म्हणून तो रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतो. घरकर्ज देणाऱ्या हाउसिंग फायनान्स कंपन्यांचं नियमनही ऑगस्ट २०१९ पासून रिझर्व्ह बँकेकडेच आहे.

रिझर्व्ह बँकेने वेगळी वाट निवडली. एजंटला परवाना देण्याऐवजी तिने बँकेला जबाबदार धरलं. नोव्हेंबर २००६ मध्ये आउटसोर्सिंगबद्दलच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात हे स्पष्ट केलं होतं. काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तरी बँकेची जबाबदारी कमी होत नाही. डीएसएला प्रशिक्षण देणं, तो ग्राहकाशी नीट वागतो का हे पाहणं, हे बँकेचंच काम.

याचा फायदा आहे. "तो एजंट होता, आमचा माणूस नव्हता" असं म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत.

पण त्रुटीही आहे. एका बँकेने गडबडीमुळे एजंटला काढून टाकलं, तर तो दुसऱ्या बँकेचं काम सुरू करू शकतो. ग्राहकाला त्याचं नाव टाकून मागचा इतिहास तपासता येईल असं एकच सरकारी रजिस्टर नाही. अनेक बँका आपापल्या एजंटांची यादी वेबसाइटवर टाकतात, पण त्यातून तो माणूस आज त्या बँकेशी जोडलेला आहे एवढंच कळतं.

अमेरिकेने ठेच लागल्यावर काय केलं?

२००८ च्या मंदीआधी अमेरिकेत घरकर्जाचे दलाल, म्हणजे मॉर्गेज ब्रोकर, मोठ्या संख्येने होते. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, कुठे कडक तर कुठे ढिले. तिथे एक प्रथा होती. ग्राहकाला कमी व्याजदर मिळू शकत असतानाही ब्रोकरने त्याला चढ्या दराचं कर्ज दिलं, तर कर्ज देणारी कंपनी ब्रोकरला जादा पैसे द्यायची. उत्पन्नाचा पुरावा न घेता, तोंडी सांगितलेल्या आकड्यावरही कर्जं दिली जात. त्यांना तर 'लायर लोन', म्हणजे खोटारडं कर्ज, असंच नाव पडलं होतं.

मंदीला एकटे ब्रोकर जबाबदार नव्हते. कर्ज देणाऱ्या कंपन्या आणि ती कर्जं विकत घेणाऱ्या बड्या बँकाही त्यात होत्या. पण ग्राहकाच्या समोर बसलेला माणूस ब्रोकरच होता.

३० जुलै २००८ ला तिथे 'सेफ ॲक्ट' आला. केंद्राने राज्यांना सांगितलं, की घरकर्ज घडवून आणणाऱ्या प्रत्येक माणसाला परवाना द्या, आणि हे किमान निकष पाळा. नाही केलं तर तुमच्या राज्यात केंद्र स्वतःची यंत्रणा उभी करेल. निकष असे:

• परवान्याआधी किमान २० तासांचं शिक्षण

• परीक्षेत किमान ७५ टक्के गुण

• बोटांचे ठसे घेऊन गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, शिवाय त्याचा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट

• दरवर्षी ८ तासांचं पुढचं शिक्षण

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाला कायमचा एक क्रमांक मिळाला, ज्याला एनएमएलएस आयडी म्हणतात. राज्य बदललं, कंपनी बदलली, तरी क्रमांक तोच. हा क्रमांक टाकून कुणीही त्या माणसाचा परवाना आणि त्याच्यावर झालेली नियामकांची कारवाई ऑनलाइन मोफत पाहू शकतं. न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये घर घेणारे तुमचे नातेवाईकही हे तपासू शकतात. यात एक पळवाट राहिली. बँकेत नोकरी करणाऱ्यांना नोंदणी पुरते, राज्याची परीक्षा द्यावी लागत नाही.

पण परवाना देऊन कमिशनचा मोह जात नाही. म्हणून २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने थेट कमिशनला हात घातला. व्याजदर जास्त लावला म्हणून कमिशन जास्त, हे बंद झालं. एकाच व्यवहारात ग्राहक आणि कंपनी दोघांकडून पैसे घेण्यावरही बंदी आली. ऑस्ट्रेलिया तर आणखी पुढे गेला. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या ब्रोकरने ग्राहकाच्या सर्वोत्तम हिताचाच सल्ला द्यायचा, हे कायदेशीर कर्तव्य आहे.

आपल्याकडे काहीच बदललं नाही का?

बदललं आहे, आणि ते तुमच्या कामाचं आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक रिटेल कर्जासोबत बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे केएफएस, देणं सक्तीचं आहे. त्यात व्याज, प्रोसेसिंग फी, विमा, कायदेशीर खर्च असं सगळं धरून एकच वार्षिक दर दाखवावा लागतो. त्याला एपीआर म्हणतात. हा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा. त्यात नसलेलं शुल्क नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. बँक एजंटला किती कमिशन देते, हे मात्र त्यात लिहिण्याचं बंधन नाही.

दुसरा बदल ॲपवरच्या कर्जांचा. रिझर्व्ह बँकेच्या मे २०२५ च्या डिजिटल लेंडिंग निर्देशांनुसार, अनेक बँकांची कर्जं दाखवणाऱ्या ॲपने तुमच्यासाठी जुळणाऱ्या सगळ्या ऑफर निःपक्षपणे दाखवायच्या आहेत. ॲपने आपली फी तुमच्याकडून थेट घ्यायची नाही, ती बँकेनेच द्यायची.

गंमत बघा. मोबाइलवरच्या ॲपला ऑफर लपवता येत नाहीत. साइट ऑफिसमध्ये फाईल घेऊन बसलेल्या माणसाला असा नियम नाही.

परवाना आणला की प्रश्न सुटेल?

लगेच नाही. दुसरी बाजूही खरी आहे. छोटा दुकानदार, रिक्षाचालक किंवा फ्रीलान्सर एकटा बँकेत गेला तर "आयटीआर आणा" ऐकून परत येतो. कोणती बँक अशी फाईल घेते हे एजंटला माहीत असतं, आणि तो शनिवारी-रविवारी घरी येऊन कागद गोळा करतो. परीक्षा आणि फी यांचं ओझं वाढलं, तर लहान गावातली अशी माणसं धंद्यातून बाहेर पडतील. आणि परीक्षा पास झालेला प्रत्येक जण प्रामाणिक असतो असंही नाही.

म्हणून सगळ्यात आधी दोन साध्या गोष्टी हव्यात. एक, प्रत्येक लोन एजंटला बँक बदलली तरी न बदलणारा आणि कुणालाही तपासता येणारा क्रमांक. दोन, त्याला मिळणारं कमिशन केएफएसमध्येच छापलेलं. यासाठी कुणाचं पोट मारावं लागत नाही. ग्राहकाला फक्त समोरचा माणूस कुणाच्या पैशावर बोलतोय हे कळतं.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं?

१. "तुम्ही कोणत्या बँकेचे डीएसए? कोड काय?" हे आधी विचारा. मग बँकेच्या शाखेत किंवा वेबसाइटवर खात्री करा.

२. तुमचं सॅलरी अकाउंट असलेल्या बँकेसह किमान दोन बँकांत स्वतः जाऊन दर विचारा. एजंटचा दर त्याच्याशी ताडून बघा.

३. तुम्हाला न विचारता चार बँकांत फाईल लॉगिन करू देऊ नका. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर नोंदली जाते आणि स्कोअर घसरू शकतो.

४. कर्ज बँकेचं की हाउसिंग फायनान्स कंपनीचं, हे विचारा. बँकांची नवी फ्लोटिंग घरकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर ते बंधन नाही, त्यामुळे रेपो दर कमी झाल्यावर तुमचा हप्ता कमी व्हायला वेळ लागू शकतो.

५. कर्जासोबत विमा चिकटवलेला आहे का बघा. प्रीमियम कर्जात मिळवला असेल तर त्यावरही तुम्ही व्याज भरता.

६. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. एजंटला रोख पैसे देऊ नका. "इन्कम थोडं वाढवून दाखवू" म्हणाला तर तिथेच थांबा. कागदावर सही तुमची असते, त्याची नाही.

७. गडबड झाली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर जा. माहितीसाठी हेल्पलाइन १४४४८. हाउसिंग फायनान्स कंपनीबद्दलची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे करता येते.

लोन एजंट म्हणजे फसवणूकच, असं अजिबात नाही. अनेकांची घरं त्यांच्या धावपळीमुळेच उभी राहिली आहेत. पण पुढच्या रविवारी त्या टेबलासमोर बसाल, तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: "या लोनवर तुम्हाला बँकेकडून किती मिळणार?" ते सांगायचं बंधन त्याच्यावर नाही. पण तो काय उत्तर देतो, यावरून फाईल त्याच्या हातात द्यायची की नाही हे तुम्हाला ठरवता येईल.