कंपवाताचे दुसरे दुखणे

कंपवात म्हणजे हातापायांची थरथर, ही समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली या विकारावर जो निबंध लिहिला, त्यात रुग्णाची बुद्धी व ज्ञानेंद्रिये शाबूत राहतात असे त्याने नमूद केले होते. त्यामुळे पुढे दीर्घकाळ या रोगाचा विचार कंप, स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींतील मांद्य एवढ्यापुरताच होत राहिला. आजचे वैद्यकशास्त्र निराळे सांगते. या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना दखल घ्यावी असे नैराश्य ग्रासते आणि कित्येकदा हात कापू लागण्याच्या काही वर्षे आधीच ते सुरू झालेले असते. तेव्हा रोग झाला म्हणून माणूस खचला, एवढ्याने उलगडा होत नाही. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी ऱ्हास पावतात, त्यांच्याबरोबर मनाची उभारी सांभाळणारी इतर द्रव्येही क्षीण होतात. खिन्नता हे या रोगाचेच एक अंग आहे.

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या खेड्यात हे अंग ओळखू येणे फार कठीण असते. कंपवाताने चेहऱ्यावरचे भाव गोठतात, आवाज खोल जातो, पापण्याही क्वचित लवतात. घरातली माणसे म्हणतात, म्हातारा रुसला आहे, वयाने हेकट झाला आहे. खरोखर खिन्न झालेला माणूस आणि केवळ चेहरा थिजलेला माणूस यांतला भेद डॉक्टरालाही विचारपूस केल्याविना कळत नाही, मग घरच्यांना तो कसा कळावा?

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने या वैद्यकीय विषयात का पडावे, असे वाचकांना वाटेल. पण प्रश्नाची एक बाजू आर्थिकच आहे. भातशेतीवर जगणाऱ्या कुटुंबात माणसाचे घरातील स्थान त्याच्या कामावरून ठरते. राब भाजणे, आवणी, गवताची कापणी, बांधबंदिस्ती ही कामे करणारा हात एकदा कापू लागला की मुलगा मायेनेच म्हणतो, 'बाबा, तुम्ही आता बसा.' विळा काढून घेतला जातो, बैल दुसऱ्याच्या हाती जातात आणि बाबा ओटीवर बसतात. यात कोणाचाही दुष्टावा नाही. पण ज्याने पन्नास वर्षे श्रमातून आपली किंमत मोजली, त्याच्या दृष्टीने ही विश्रांती म्हणजे बडतर्फी होय. स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना 'बसा' असे सहसा कोणी म्हणत नाही. चूल आणि पाणी चालूच राहते आणि त्यांची खिन्नता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

बसून राहण्याने स्नायू अधिक आखडतात, तोल जातो, पडण्याची भीती वाढते. भीतीने माणूस बाहेर पडत नाही आणि एकटेपणाने मन आणखी बुडते. हे चक्र तोडण्याचे एक साधन व्यायाम आहे, याला आता चांगला आधार मिळाला आहे. हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्यांना आठ आठवडे ध्यानयुक्त योगासने आणि निम्म्यांना ताणाचे व बळकटीचे व्यायाम दिले गेले. शरीराच्या हालचालींना दोन्हींचा लाभ सारखाच झाला. चिंता व नैराश्य मात्र योगासने करणाऱ्यांत अधिक कमी झाले. त्याच वर्षी नेदरलँड्समधील संशोधकांनी घरच्या घरी स्थिर सायकल चालविणाऱ्या रुग्णांत हालचालींचा बिघाड तुलनेने कमी झाल्याचे दाखविले. व्यायामाने कंपवात बरा होतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्याचे नैराश्य खोल आहे, त्याला औषध आणि तज्ज्ञाचा सल्ला लागतोच. शिवाय या रोगात माणसाची इच्छाशक्तीच मालवत जाते. अशा माणसाला 'रोज व्यायाम करा' असे सांगून घरी पाठविणे म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा पत्ता देण्यासारखे आहे. त्याला हाक मारून नेणारे कोणी हवे आणि म्हणून व्यायाम समूहात व्हायला हवा.

शेतकऱ्याला कसला आला व्यायाम, त्याचा जन्म कष्टात गेला, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. श्रम आणि व्यायाम यांची येथे गल्लत होते. आवणीचे आणि कापणीचे काम वाकून करावयाचे असते, आणि कंपवातही माणसाला पुढे वाकवितो, त्याची पावले आखूड करतो, हातांचा झोका थांबवितो. त्याला गरज असते ती ताठ उभे राहण्याची, लांब पावले टाकण्याची, हात मोकळे हलविण्याची, न अडखळता वळण्याची. शेतीतील श्रम हंगामी, व्यायाम मात्र बाराही महिने हवा.

या रोगाचा एक विलक्षण गुणधर्म असा, की आपोआप पडणारे पाऊल अडते, पण बाहेरून ठेका मिळाला की तेच पाऊल उचलले जाते. पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले, त्यामागे हेच तत्त्व आहे. आपल्या तालुक्यांत गावोगाव भजनी मंडळे आहेत. टाळमृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळणारा वारकरी हात, पाय, कंठ आणि चित्त एकाच वेळी कामाला लावतो, आणि तेही चारचौघांत. बसल्या जागी मोठ्याने अभंग म्हणणे हादेखील खोल गेलेल्या आवाजाला व्यायामच आहे. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली याचा उपयोग का करून घेऊ नये?

उपचारांची सोय आहे ती शहरांत. मुंबईत २००१ साली डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने या रुग्णांसाठी संस्था उभी राहिली, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ काम करते. ठाण्याचे मनोरुग्णालय तर १९०१ पासूनचे. पण डोळखांब किंवा टोकावड्याच्या रुग्णाला तेथवर जायचे तर गाडीभाड्यावर भागत नाही. सोबत येणाऱ्या मुलाची मजुरीही बुडते. एकदा होणारा हा खर्च कुटुंब कर्ज काढूनही करील. आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे तो कोण करणार? तानसा-भातसाचे पाणी मुंबईपर्यंत जाते, मुंबईतील ज्ञान मात्र आसनगावला उतरत नाही, हे आपल्या नियोजनाचे जुने वैगुण्य आहे.

यासाठी नवी इमारत लागत नाही. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवडी बाजाराच्या दिवशी एक तास राखून ठेवावा. त्या दिवशी घरचे माणूस बाजाराला येतेच, म्हणजे रोजगार वेगळा बुडत नाही. भौतिकोपचारतज्ज्ञाने महिन्यातून एकदा येऊन प्रत्येकाला झेपतील ते प्रकार ठरवून द्यावेत, एरवी प्रशिक्षित योगशिक्षकाने वर्ग घ्यावा. उपकेंद्रांना २०२३ साली आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले आणि तेथे योगासने घेणे धोरणात बसते. कंपवाताचा रुग्ण त्या चटईवर आणून बसविणे तेवढे उरते, आणि ते गावची आशा सेविका करू शकेल. डॉक्टरांनी हाताच्या थरथरीबरोबर झोप, भूक आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला आहे का, हे प्रत्येक भेटीत विचारावे. लेव्होडोपाची गोळी लागू पडलेली असताना, म्हणजे अंग मोकळे असतानाच वर्ग व्हावा. भिंत किंवा भक्कम खुर्ची हाताशी असावी, कारण एकदा खुबा मोडला की सगळेच मुसळ केरात. आणि सोबत आलेल्या मुलाला दाराबाहेर न थांबविता आत घ्यावे. घरी बाबांना पुन्हा काय करू द्यायचे, ते त्याला तेथेच उमगेल: कोंबड्यांना दाणे टाकणे, वासरू सोडणे, बांधावरून एक फेरी.