मुडदूस की वारसा? पिल्लाच्या वाकड्या पायांचे निदान

लॅब्रेडॉरचे चार महिन्यांचे पिल्लू भावंडांपेक्षा ठेंगणे दिसू लागले किंवा त्याचे पुढचे पाय वाकले, की अनेक शहरी घरांतील पहिला उपाय ठरलेला असतो. 'कॅल्शियम कमी पडले' असे कोणी तरी सांगते आणि औषधाच्या दुकानातून बाटली घरी येते. वास्तविक संतुलित खाद्य मिळणाऱ्या कुत्र्यांत मुडदूस विरळाच. उलट मोठ्या जातींच्या पिल्लांना वरून दिलेले जादा कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवू शकते. निदान चुकले, तर उपचारच अपाय करतो.

दोष एकाच पायात आहे की दोन्ही, हे आधी पाहावे लागते. पडल्याने वा अपघातात हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला मार बसला, तर बहुधा एकच पाय वाकतो. दोन्ही बाजूंना सारखाच दोष आणि त्याच वेतातील दुसरे पिल्लूही तसेच, असे असल्यास आनुवंशिकतेचा संशय बळावतो. मग क्ष-किरण तपासणी. तीही वेळेत व्हावी लागते. कारण वाढ पूर्ण झाली, की कूर्चेची जागा हाड घेते आणि बराचसा पुरावा पुसला जातो.

लॅब्रेडॉरमधील ठेंगणेपणाच्या एका प्रकाराचे जनुकीय कारण २०१३ मध्ये उघड झाले. आई व वडील या दोघांकडूनही 'सीओएल११ए२' या जनुकाची सदोष प्रत आली, तरच पाय आखूड राहतात. धड नेहमीएवढेच असते. एकच सदोष प्रत असलेला कुत्रा दिसायला अगदी धडधाकट असतो. असे दोन वाहक एकत्र आणले, तर प्रत्येक पिल्लाला विकार होण्याची शक्यता चारात एक. वाहक कोण, हे डोळ्यांना नव्हे, डीएनए चाचणीलाच कळते. (डॅशहुंडमध्ये मात्र आखूड पाय हीच जातीची शोभा मानली गेली, त्यामागील अतिरिक्त जनुक-प्रत २००९ मध्ये सापडली.)

हिप डिस्प्लेशिया या खुब्याच्या विकाराला अशी सरळ चाचणी नाही. त्यात अनेक जनुके गुंतलेली असतात, शिवाय वजन व आहारही. 'पेनहिप' पद्धतीने सांध्याचा सैलपणा १६ आठवड्यांपासून मोजता येतो. अमेरिकेतील 'ओएफए' ही संस्था अंतिम दाखला २४ महिन्यांनंतरच देते.

ग्राहकाची अडचण नेमकी येथेच आहे. भारतातील २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांचे पिल्लू विकता येते. त्या वयात खुब्याचे भवितव्य कळत नाही आणि सोबत मिळणारा वंशावळीचा कागद पूर्वजांची नावे सांगतो, त्यांच्या हाडांची अवस्था नव्हे. त्यामुळे पिल्लापेक्षा त्याच्या आईवडिलांचे क्ष-किरण अहवाल पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. पैसे मोजण्यापूर्वी ते मागणारे ग्राहक मात्र आजही मोजकेच दिसतात.