भेसळ नव्हे, संगम

‘खिचडी’ हा शब्द आपण दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतो. ताटात वाढलेली गरम खिचडी आपल्याला आवडते. परंतु भाषेची, विचारांची किंवा संगीताची खिचडी झाली असे कोणी म्हणाले, की त्या बोलण्यात नापसंती असते. एकच शब्द एके ठिकाणी रुचकर आणि दुसऱ्या ठिकाणी निंदेचा का व्हावा? दोन परंपरा एकत्र येतात तेव्हा त्यांचा संगम होतो की भेसळ होते, या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी महाविद्यालयात शिकत होते. ‘शक्ती’ या वाद्यवृंदाची एक ध्वनिफीत घेऊन मी माझ्या काकांकडे गेले. काका संगीत नाटकांचे मोठे दर्दी. गिटार, व्हायोलिन, तबला आणि घटम् यांचा तो मेळ त्यांनी जेमतेम पाच मिनिटे ऐकला आणि म्हणाले, “अगं, ही कसली खिचडी? आधी एक तरी राग नीट ऐकायला शीक.” मी मुकाट्याने ध्वनिफीत बंद केली. त्या खोलीच्या कोपऱ्यात काकांची पेटी ठेवलेली होती. रोज संध्याकाळी ते तिच्यावर नाट्यपदे वाजवीत. ती पेटी मूळची कोठली, हा प्रश्न तेव्हा त्यांनाही पडला नाही आणि मलाही सुचला नाही.

पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे वाद्य युरोपातून आपल्याकडे आले. तिचे स्वर आधीच बांधलेले असतात, तिच्यावर मींड घेता येत नाही, म्हणून ती आपल्या संगीताला परकी आहे, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती शिथिल होण्यास 1971 साल उजाडावे लागले. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी याच पेटीला मराठी रंगभूमीवर आणि मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. आज पेटीवाचून कीर्तन, भजन किंवा नाट्यसंगीत यांची कल्पनाही करवत नाही. दक्षिणेत व्हायोलिनचेही असेच झाले. तेही युरोपातून आले आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीचे अविभाज्य अंग बनले. ज्याला आपण आज ‘आपले’ म्हणतो, त्यातील बरेचसे कधीकाळी पाहुणे म्हणून आले होते.

आता ‘शक्ती’कडे वळू. जॅझ हे संगीत अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीय समाजात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी आकाराला आले. आफ्रिकेतून आलेली लयीची जाण आणि युरोपीय वाद्ये यांच्या मीलनातून ते घडले. म्हणजे जॅझ स्वतःच एक संगम आहे. आपल्या रागसंगीतात एका स्वरानंतर दुसरा स्वर येत राग उलगडत जातो. जॅझमध्ये एकाच वेळी अनेक स्वर एकत्र वाजवून त्यांचा मेळ साधला जातो. हा भेद मोठा आहे. परंतु एक साम्यही तेवढेच मोठे आहे. दोन्हीकडे कलावंत ठरलेल्या चौकटीत राहून आयत्या वेळी नवे सुचेल ते मांडतो. याच साम्यावर ‘शक्ती’ची उभारणी झाली.

जॉन मॅकलॉफ्लिन हे इंग्लंडमधील गिटारवादक. 1969 साली त्यांनी माइल्स डेव्हिस या विख्यात अमेरिकी जॅझ वादकाबरोबर ध्वनिमुद्रण केले. पुढे विजेच्या गिटारवर अतिशय मोठ्या आवाजात वाजणारा त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद लोकप्रिय झाला. ही लोकप्रियता हाती असताना ते अमेरिकेतील वेस्लेयन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकू लागले. पुढे विजेची गिटार बाजूला ठेवून त्यांनी भारतीय वादकांसमवेत बैठक मारली. गिटारच्या पडद्यांमुळे सूर ओढता येत नाही, ही अडचण होती. म्हणून त्यांनी एक खास गिटार बनवून घेतली. तिच्या पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरलेले होते, त्यामुळे तार दाबून आणि ओढून मींड काढता येऊ लागली. शिवाय तिला आपल्या सतारीप्रमाणे तरफेच्या तारा बसविल्या. समोरच्याची भाषा बोलता यावी म्हणून आपले वाद्यच बदलणे, याला मी खरा आदर म्हणते.

त्यांच्या सोबतीला व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकिर हुसेन आणि घटमवर टी. एच. विनायकराम होते. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. हा वाद्यवृंद केवळ पूर्व आणि पश्चिम यांना जोडणारा नव्हता. झाकिर हुसेन मुंबईत वाढलेले, वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून पंजाब घराण्याची तालीम घेतलेले. शंकर आणि विनायकराम दक्षिणेच्या परंपरेतले. उत्तरेत ताल ठेक्यातून ओळखला जातो. दक्षिणेत तो हाताच्या टाळीने आणि बोटांनी मोजून दाखविला जातो. आपल्याच देशातील या दोन पद्धती एरवी एका मंचावर क्वचितच येत. गिटारवादक परदेशी होता. परंतु त्याच्या निमित्ताने उत्तर आणि दक्षिण या आपल्याच घरच्या दोन बहिणी एकमेकींशी बोलू लागल्या.

हे सारे परदेशातच घडले, असे मात्र समजू नये. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझचे वृंद वाजत होते. गोव्याहून आलेल्या अनेक वादकांनी ते संगीत आत्मसात केले आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीताला आपल्या वाद्यांनी समृद्ध केले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे गोमंतकीय ट्रम्पेटवादक आणि मराठमोळे संगीतकार सी. रामचंद्र यांनी एकत्र काम केले, त्याचे फळ 1951 सालच्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या गाण्यांत ऐकू येते. मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून रागांवर आधारित स्वतःच्या रचना सादर केल्या. ज्यांची गाणी आपण घरोघरी गुणगुणतो, त्यांतही हा संगम मुरलेला आहे.

काकांचा आक्षेप मात्र मी अगदीच खोटा ठरवणार नाही. रागाची बढत सावकाश होते. एकेका स्वरावर थांबावे लागते. मिश्र संगीतात पुष्कळदा ही सबुरी हरवते. वेग वाढतो, टाळ्या मिळतात आणि श्रोता थक्क होतो, पण तृप्त होत नाही. ‘शक्ती’च्या काही रचनांतही वेगाचा मोह दिसतो. तथापि 1975 साली ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत, तीन रचनांच्या मधोमध ‘लोटस फीट’ ही संथ, शांत रचना आहे. ती ऐकताना या मंडळींना थांबणेही येत होते, याची खात्री पटते.

मग संगम कोणता आणि भेसळ कोणती, हे ओळखावे कसे? माझ्या मते तीन कसोट्या पुरेशा आहेत. एक, एकत्र येणाऱ्या प्रत्येकाची स्वतःच्या परंपरेतील साधना पक्की असावी. दोन, प्रत्येकाने दुसऱ्यासाठी काहीतरी सोडण्याची आणि शिकण्याची तयारी ठेवावी. तीन, त्यातून जे निर्माण होईल ते नवे असावे. जुन्या चालीवर चढविलेला परका साज नसावा. दुधात पाणी मिसळणारा दूधही वाढवीत नाही आणि पाण्याचाही मान राखत नाही, म्हणून ती भेसळ. खिचडीत मात्र तांदूळ आणि डाळ दोन्ही पुरते शिजावे लागतात. एकही कच्चे राहिले तर ती घशाखाली उतरत नाही.

या कसोट्यांवर ‘शक्ती’ उतरली, असे मला वाटते. काही काळ थांबलेला हा वृंद 1997 मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यात पुढे मुंबईत वाढलेले गायक शंकर महादेवन आणि विनायकराम यांचे पुत्र सेल्वागणेश सामील झाले. 2024 साली ‘धिस मोमेंट’ या त्यांच्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार लाभला. त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जगभर वाजविलेल्या त्यांच्या तबल्याने पंजाबची तालीम कधी सोडली नाही आणि दुसऱ्याचा सूर ऐकणेही कधी थांबविले नाही.

तुमच्यापैकी अनेकजण महाराष्ट्राबाहेर राहत असतील. घरी मराठी, बाजारात हिंदी, कामावर आणखी एखादी भाषा, अशा तीन सुरांत तुमचा दिवस जात असेल. कोणी तुमच्या बोलण्याला खिचडी म्हटले, तर खिन्न होऊ नका. दुसऱ्याची भाषा मनापासून शिका, तिचा मान राखा. परंतु आपली मराठीही कच्ची राहू देऊ नका. ज्याला स्वतःचा षड्ज ठाऊक असतो, तो कोणाही बरोबर निर्भयपणे गाऊ शकतो.