त्रिकोणांची एकरूपता आणि ‘कशावरून?’

आठवीच्या वर्गांत त्रिकोणांची एकरूपता शिकवूं लागलों कीं दरसाल कोणी ना कोणी पालक आम्हांस विचारतात, “दोन्ही त्रिकोण सारखे आहेत हें डोळ्यांना दिसतेंच आहे, मग तें सिद्ध करण्यासाठीं अर्धें पान कां भरावयाचें?” प्रश्न रास्त आहे, तो हंसून उडवून लावणें आम्हांस शोभणार नाहीं.

मुलांस बाबाबा, बाकोबा, कोबाको हीं अक्षरें पाढ्यांसारखीं पाठ असतात. एका वर्षीं एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारिलें, “सर, मग बाबाको कां नाहीं?” तास संपत आला होता. “पुस्तकांत नाहीं म्हणून नाहीं,” असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. त्या उत्तराची आम्हांस अजून लाज वाटते. कारण त्या दिवशीं भूमितीचा खरा प्रश्न त्या एकट्यानेंच विचारिला होता.

उत्तर कंपासानें दोन मिनिटांत देतां आलें असतें. विद्यार्थ्यांनो, क बिंदूशीं 30 अंशांचा कोन काढा. त्याच्या एका भुजेवर क पासून 8 सेंटिमीटरांवर ख बिंदू घ्या. ख केंद्र धरून 5 सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा. तो दुसऱ्या भुजेस एकदां नव्हे, दोनदां छेदितो : क पासून सुमारें 3.9 सेंटिमीटरांवर आणि पुन्हां सुमारें 9.9 सेंटिमीटरांवर. दोन बाजू त्याच, कोन तोच, त्रिकोण मात्र दोन! बाकोबामध्यें ‘को’ हें अक्षर दोन ‘बां’च्या मध्यें बसलें आहे तें उगीच नव्हे. तो कोन काटकोन असता तर ही दुविधा उरली नसती. म्हणूनच कर्णभुजा कसोटी निराळी सांगावी लागते.

ही भूमिति इंग्रजी शाळांनींच प्रथम आणिली असा समज आहे. परंतु सवाई जयसिंगाच्या पदरच्या सम्राट जगन्नाथानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांतच यूक्लिडाचा ग्रंथ अरबीवरून ‘रेखागणित’ या नांवानें संस्कृतांत आणिला होता. गंमत अशी कीं, खुद्द यूक्लिडानें बाकोबा सिद्ध करितांना एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेविला, आणि उचलणें म्हणजे काय तें सांगितलेंच नाहीं. 1899 सालीं जर्मन गणिती हिल्बर्ट यांनीं भूमितीचा पाया नव्यानें रचितांना या कसोटीचा मुख्य भाग उघडपणें गृहीत धरिला. सारेंच सिद्ध करितां येत नाहीं; काय गृहीत धरिलें तें मात्र सांगावें लागतें. समान बाजूंपुढें ‘पक्ष’ किंवा ‘सामाईक बाजू’ असें कारण आम्ही लिहावयास लावितों तें याचसाठीं.

सुटींत एक करून पाहा. आपल्या सिद्धेश्वर तलावाचा काठ जेथें सरळ आहे तेथें, देवळाच्या एखाद्या कोपऱ्याच्या नेमकें समोर उभे राहा. काठाकाठानें 40 पावलें चालून एक काठी रोवा. त्याच रेषेंत आणखी 40 पावलें जा. मग पाण्याकडे पाठ करून काठाशीं काटकोनांत चालूं लागा, आणि मधून मधून मागें वळून पाहा. काठी व तो कोपरा एका रेषेंत आले कीं थांबा. वळल्यापासून जितकीं पावलें पडलीं तितकेंच अंतर पहिल्या जागेपासून त्या कोपऱ्यापर्यंत आहे. पालकांनीं अवश्य सोबत जावें, मुलानें पावलांचा आंकडा सांगितला कीं “कशावरून?” एवढेंच विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत घरीं परतण्याची घाई करूं नये.