इयरफोन विकताना कानाचाही हिशेब सांगा

मोबाइलच्या सुट्या सामानाची दुकाने आज गल्लोगल्ली आहेत. तेथे इयरफोन घेताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न करते, ‘आवाज किती येतो?’ दुकानदारही मोठा आवाज हाच मालाचा गुण म्हणून सांगतो. आमच्या मते ही विक्रीची रीत बदलली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. त्यानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. किती ऐकले याची नोंद उपकरणाने ठेवावी आणि मर्यादा ओलांडताच सूचना द्यावी, असेही त्यात आहे. परंतु हे मानक ऐच्छिक आहे.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नव्हे. ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात.

आता भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचा विचार करा. शेडमधील खडखडाट सहज ९० डेसिबलच्या वर जातो. म्हणजे आठवड्याचा वाटा पहिल्याच पाळीत संपतो. त्यावर गाणी ऐकू यावीत म्हणून तो इयरफोनचा आवाज आणखी वाढवतो. अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी कानात शिट्टी वाजते, मग बारीक आवाज जातात, पुढे समोरच्याचे बोलणे तुटक ऐकू येते. इंजिनाचा बिघाड आवाजावरून ओळखणाऱ्या मिस्त्रीचे कान हेही त्याचे हत्यारच आहे. ते बोथट झाले तर धार लावून मिळत नाही.

म्हणून दुकानदार बंधूंनी इयरफोन देताना दोन मिनिटे काढावीत. फोनमध्ये आवाजाची मर्यादा ठरवण्याची सोय असेल तर ती लावून द्यावी, विशेषतः मुलांसाठी. कारखानदारांनी कामगारांना कानात घालायची बोंडे द्यावीत. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा कारखाना नियमांतही आहे. आणि सरकारने हे ऐच्छिक मानक बंधनकारक करावे, म्हणजे प्रामाणिक व्यापाऱ्याला स्वस्त व बेफिकीर मालाशी झुंजावे लागणार नाही.

मालाचा गुण सांगणाऱ्याने त्याचा धोकाही सांगावा. असा व्यापारच टिकतो.